मे महिना काढा, मग राजीनामा द्या

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या 34 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. एम.कॉम. झालेल्या, बर्डीवरच्या एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करतात, पगार 24 हजार. गच्चीवर सत्तरेक कुंड्या आहेत, त्यात गुलाब, मोगरा, वांगी, सांभार (कोथिंबीर) सगळं काही. शेजारच्या तीन घरांच्या बागाही त्या दर रविवारी बघतात, पैसे न घेता. ऑफिसात जीव गुदमरतो, गुलाबाची छाटणी करताना मात्र वेळ कसा जातो कळत नाही, असं त्या लिहितात. दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा, सहा लाखांचं कर्ज काढून बेसा रोडला जागा भाड्यानं घेऊन नर्सरी टाकायची आणि सोबत 85 हजार रुपये फीचा वर्षभराचा लँडस्केपिंगचा ऑनलाइन कोर्स करायचा, असा बेत आहे. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. सासरे म्हणतात, "एवढं शिकून माळीकाम करणार? लोक काय म्हणतील?" त्यावर ताईंनी सांगितलं की मी साधी माळी नाही होणार, गार्डन कन्सल्टंट होणार. मुलगी सात वर्षांची आहे. ताई विचारतात, उडी मारू का? आणि शेजारच्या काकूंना आता पैसे मागायचे तर कोणत्या तोंडानं?

ताई,

तुमच्या बेतात तीन निरनिराळे धंदे एकमेकांत मिसळले आहेत. नर्सरी चालवणं हा एक, लोकांच्या बागा सांभाळणं हा दुसरा, आणि बाग कशी करावी याचा आराखडा आणि सल्ला देणं हा तिसरा. झाडं तिन्हींत आहेत. पण दिवसभर हात कशात असतात आणि पैसा कुठून येतो, हे तिन्हींत अगदी वेगळं आहे. म्हणून "उडी मारू का" याचं उत्तर देण्याआधी विचारावंसं वाटतं, नेमकी कशात?

नर्सरी म्हणजे दुकान. माल भरायचा, तो जिवंत ठेवायचा, विकायचा. पहिला पाऊस पडला की गिऱ्हाईक धावतं, थंडीत शेवंती-पिटुनियाला मागणी असते. एप्रिल-मे मध्ये रस्त्यावर कुत्रंही नसतं तेव्हा कोणी रोप घ्यायला येत नाही, पण माल जगवावाच लागतो. शेडनेट, दोन वेळचं पाणी, पाणी देणारा माणूस, जागेचं भाडं आणि बँकेचा हप्ता यातलं काहीही उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही. शिवाय संत्रा, लिंबू, आंबा अशा फळझाडांची कलमं विकायची तर महाराष्ट्रात 1969 च्या कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. हे सगळं जमवणारी माणसं आहेत, चांगलं कमावणारीही आहेत. पण तुम्ही पत्रात ज्या सुखाबद्दल लिहिलंय ते छाटणीचं आहे. नर्सरीच्या गल्ल्यावर बसून छाटणी होत नाही, तिथे पुन्हा बिलं आणि उधारीच. ज्यातून सुटायचं आहे तेच काम तुम्ही सहा लाख कर्ज काढून विकत घेताय, असं मला वाटतं.

आता "साधी माळी नाही, कन्सल्टंट" या वाक्याबद्दल. सासऱ्यांच्या तोंडावर काहीतरी द्यावं म्हणून ते निघालं असेल, मी समजू शकते. पण त्या वाक्यात तुम्ही त्यांचंच म्हणणं मान्य करून टाकलंत. सल्ल्याचे पैसे लोक कोणाला देतात? ज्याच्या हाताखाली चार बागा चार उन्हाळे टिकल्या, त्याला. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांत सायकलवर येणारा माळी पानाच्या कडा बघून सांगतो की पाणी कमी पडतंय की जास्त होतंय. ही नजर कोर्समध्ये मिळत नाही आणि व्हिजिटिंग कार्डावर छापून येत नाही. पुढेमागे तुम्ही जरूर कन्सल्टंट व्हा. पण तिथे जायचा रस्ता माळीकामातूनच जातो, आणि ते काम लाजेचं नाही हे आधी तुम्हाला पटायला हवं. सासऱ्यांचं नंतर बघू.

म्हणजे उरला दुसरा धंदा: लोकांच्या बागा सांभाळणं. मला तुमच्यासाठी हाच दिसतो. मात्र तुमच्या गच्चीवरच्या यशानं थोडं फसवलंय तुम्हाला. ती झाडं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. सकाळी चहा घेताना एक कुंडी सुकलेली दिसली की तुम्ही पाणी घालता. गिऱ्हाईकाच्या बागेत तुम्ही आठवड्यातून एकदा जाल. उरलेले सहा दिवस पाणी घालणार घरातली मावशी, नाहीतर आजोबा, नाहीतर कोणीच नाही. झाडं मरतात ती बहुतेक त्या सहा दिवसांत, आणि बोल लागतो माळ्याला. त्यामुळे या कामातला निम्मा भाग झाडांना सांभाळण्याचा आहे आणि निम्मा घरातल्या माणसांना शिकवण्याचा. "झाडांत गेलं की शांत वाटतं" असं तुम्ही लिहिता. स्वतःच्या झाडांत वाटतं. दुसऱ्याच्या अंगणात कुत्रा भुंकत असतो, बाई वरून ओरडतात की कढीपत्ता का कापला, आणि साहेबांना लॉन काश्मीरसारखं हवं असतं. हे चालेल का, याचा आधी अंदाज घ्या.

आणि आपल्या नागपूरची माती. तुमच्याच भागातलं सांगते. मानेवाडा, बेसा, बेलतरोडी इथल्या नव्या घरांभोवती अंगण म्हणून जे असतं ते खाली काळी माती आणि वर बांधकामाचा मलबा नाहीतर मुरूम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून ठेवते. अशा जागी दोन फुटांचा खड्डा करून त्यात शेणखत भरलं आणि लिंबाचं कलम लावलं, की जुलैत तो खड्डा टाकीसारखा भरतो. मुळं गुदमरतात. खोडाजवळ साल तडकून डिंक गळायला लागतो, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. घरवाले म्हणतात खत कमी पडलं असेल, आणि आणखी खत घालतात. म्हणून कोणत्याही नव्या बागेत गेल्यावर पहिलं काम: फूटभर खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा जिरायला किती वेळ लागतो ते बघा. काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे खड्डा नको, माती चढवून उंच वाफा करा आणि झाड त्यावर लावा. आणि ओल्या काळ्या मातीत कुदळ घालू नका, ढेकळं होतात ती मोसमभर फुटत नाहीत. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या.

लिंबूवर्गीय झाडांचं आणखी एक, कारण नागपुरात ज्याच्याकडे अंगण आहे त्याला संत्र्याचं नाहीतर लिंबाचं झाड हवंच असतं. आपलं संत्रं जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं-खोडाच्या भागावर, डोळा भरून (संत्र्याची कळी बसवून) कलम केलेलं असतं. तो जोड जमिनीच्या वर वीतभर तरी मोकळा राहायला हवा. बहुतेक घरांत हौसेनं आळं करता करता माती चढत जाते आणि जोड गाडला जातो. खुंटावरून येणारी काटेरी जोमदार फूट पाहून मंडळी खूश होतात, ती जंभेरीची असते, संत्र्याची नाही. माती उकरून जोड मोकळा करणं, खालची फूट काढून टाकणं, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला तीनेक फुटांपर्यंत बोर्डो मलम लावणं, एवढं केलंत तरी तुमचं त्या घरात नाव होईल. मलम घरी करता येतं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. रोगमुक्त कलमं हवी असतील तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करा.

मग येतो मे. पारा 45 च्या पुढे जातो, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो, आणि गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवलेल्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवणं, एकमेकींच्या सावलीत गटानं लावणं, पश्चिमेच्या भिंतीपासून हलवणं, पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधणं, मातीवर पालापाचोळ्याचा थर देणं ही कामं एप्रिल लागायच्या आत उरकावी लागतात. कूलरचं पाणी तर प्रत्येक घरात विचारा. टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक कुंड्यांत ओततात. पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. पानांची टोकं करपलेली दिसली की मी आधी कूलरचंच विचारते.

हे एवढं लांबण लावलं कारण माझं सांगणं यावरच उभं आहे. नागपुरात माळी म्हणून तुम्ही टिकाल की नाही हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कळत नाही. दिवाळीनंतर इथे सगळंच उगवतं, हवा छान असते, गिऱ्हाईक खूश असतं. त्या सुखाच्या दिवसांत राजीनामा द्यायचा तुमचा बेत आहे, आणि तोच मला नको वाटतो. आधी दुसऱ्यांच्या बागांवर एक मे महिना काढा. नोकरी ठेवून.

कसं, ते सांगते. रविवारच्या तीन बागांच्या आता पाच-सहा करा, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असेल तर तोही धरा. आणि जाणता माळी शोधा, ज्याच्या हाताखाली काम करता येईल. निवृत्त झालेले सरकारी बागांतले माळी आहेत, महाराजबागेच्या परिसरात कृषी महाविद्यालय आहे, तिथल्या उद्यानविद्या विभागात विचारलं तर कोणीतरी नाव सुचवेल. त्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे द्या. कोर्सच्या 85 हजारांतले पाच-सात हजार इथे खर्च झाले तर ते जास्त फळाला येतील. त्यांना काका म्हणा, दादा म्हणा, पण त्यांच्या बागा कमी दरात हिसकावू नका. उलट उद्या तुमच्याकडे काम वाढलं तर जड खोदाई आणि झाड चढायची कामं त्यांनाच देता येतील, आणि त्यांना न जमणारी लेखी कोटेशनं तुम्ही करून द्याल.

शिक्षणाच्या विरोधात मी नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात, आयटीआयमध्ये फुलशेती आणि लँडस्केपिंगचा वर्षाचा ट्रेड आहे, तो जवळपास कुठे चालतो ते विचारा. प्रमाणपत्राचा उपयोग सोसायट्या, शाळा, हॉटेलं यांचं कंत्राट मागताना होतो. घरगुती गिऱ्हाईक मात्र शेजारणीची बाग बघून बोलावतं. त्यामुळे महागडा ऑनलाइन कोर्स आत्ता राहू द्या.

आता तुमच्या विषयाकडे येऊ, हिशेबाकडे. समजा, एका घरी महिन्याला चार फेऱ्या, प्रत्येकी दीड तास, आणि महिन्याचे 1,500 रुपये. बारा घरं धरली तर 18 हजार. कागदावर बरं दिसतं. पण 48 फेऱ्यांचे 72 तास, आणि प्रत्येक फेरीला जायला-यायला अर्धा तास धरला तर आणखी 24. पेट्रोल, सिकेटर (छाटणीची कात्री), पाइप, हातमोजे हे वजा करा. 24 हजारांच्या पगाराला गाठायचं तर अठरा-वीस घरं लागतील. आणि मे मध्ये काम होतं सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, म्हणजे दिवसाला तीन घरं, फार तर चार. महिन्याचे 26 दिवस धरले तर एकट्या माणसाची मजल वीस घरांपाशी संपते. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. त्यापुढची कमाई फेऱ्यांतून येत नाही. कोजागिरीच्या आसपास गुलाबाची छाटणी, थंडीच्या फुलांची लावणी, डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याची छाटणी, उन्हाळ्याआधी कुंड्या बदलणं, नव्या घराची बाग लावून देणं ही कामं वेगळी धरायची आणि त्यांचे वेगळे पैसे सांगायचे. आणि घरं एकमेकांजवळची घ्या. मानेवाड्याहून कोराडी रोडला एका बागेसाठी जाणं परवडत नाही, ती बाई कितीही गोड बोलत असली तरी.

प्रत्येक घराशी काय ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. फेऱ्या किती, खत आणि रोपांचे पैसे कोणाचे, रोजचं पाणी कोण घालणार, तुम्ही लावलेलं रोप महिन्याच्या आत मेलं तर काय. या शेवटच्या प्रश्नावर जितकी भांडणं होतात तितकी पैशांवरही होत नाहीत.

काही गोष्टींत हयगय नको. मोठं झाड तोडायला किंवा जबर छाटायला घरमालकानं सांगितलं, तरी शहरात 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मनपाच्या उद्यान विभागात अर्ज त्यांना करू द्या, परवानगी हातात आल्याशिवाय फांदीला हात लावू नका. फवारणीचं तर कळकळीनं सांगते. 2017 मध्ये आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. घरच्या बागेत शेतावरची जहाल औषधं लागत नाहीत. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं, साबणाच्या पाण्यानं आणि निंबोळी अर्कानं आटोक्यात येतो, फक्त आठवड्याच्या अंतरानं तीन-चारदा करावं लागतं. गिऱ्हाईक "काहीतरी जालीम मारा" म्हणेल. नाही म्हणा. पावसाळ्यात पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालू नका, आधी काठीनं हलवा, गमबूट घाला, आपल्याकडे घोणस आणि नाग दोन्ही असतात. नव्या घरी पहिल्यांदा जाताना पत्ता घरच्यांना कळवा, आणि कोणी सोबत आलं तर जास्त बरं.

तुमच्या सासऱ्यांचा राग मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. त्यात जातीची आणि प्रतिष्ठेची जुनी अढी आहे, ती आहेच. पण घरची सून परक्या अंगणात उन्हात राबणार, हप्ता थकला तर काय, नातीकडे कोण बघणार, ही काळजीही "लोक काय म्हणतील" या एका वाक्यात घुसलेली असू शकते. त्यांना शब्दांनी पटवायला जाऊ नका. सहा महिन्यांची वही दाखवा: किती घरं, किती आले, किती गेले, किती उरले. तुम्ही हिशेबनीस आहात, तुमच्याइतकी स्वच्छ वही नागपुरातल्या एकाही माळ्याकडे नसेल. आणि नवऱ्याच्या "तुझं तू ठरव" वर थांबू नका. सकाळी साडेपाचला तुम्ही बाहेर पडणार असाल तर मुलीचा डबा आणि शाळेची तयारी कोण करणार, हे त्यांनी ठरवायचं आहे. ते आत्ताच, रविवारच्या सकाळी, करून बघू दे त्यांना.

जून लागेल तेव्हा वही उघडा. मे मध्ये तुमच्याकडे असलेल्या घरांपैकी बहुतेकांनी तुम्हाला ठेवलं असेल, दोन-तीन नवी घरं त्यांच्या ओळखीनं आली असतील आणि तुमचं स्वतःचं शरीर त्या उन्हात टिकलं असेल, तर ऑफिसात जाऊन अर्धवेळ काम मागा. हिशेबाचं काम बऱ्याच ठिकाणी तसं मिळतं. पूर्ण राजीनामा पंधरा घरं झाल्यावर. आणि मे मध्ये जीव नकोसा झाला, तर गच्चीवरच्या कुंड्या कुठे जात नाहीत, नोकरी शाबूत आहे, कर्ज नाही. तेव्हा नव्यानं विचार करा, मला लिहा.

राहिल्या शेजारच्या काकू. त्यांना पैसे मागताना मागचं काही काढू नका आणि दिलगिरीच्या सुरातही बोलू नका. पुढच्या रविवारी काम झाल्यावर, हात धुऊन, चहा घेता घेता सांगा: "काकू, मी आता हे काम व्यवसाय म्हणून करायचं ठरवलंय. एक तारखेपासून महिन्याचे इतके घेणार आहे, चार फेऱ्या आणि छाटणी धरून. तुमची बाग माझी पहिली, म्हणून तुम्हाला आधी विचारतेय. नाही जमलं तरी काही नाही, महिन्याभरात तुम्हाला सगळं दाखवून देईन, मग तुम्ही स्वतः करू शकाल." आकडा स्पष्ट सांगा, "तुम्हाला काय वाटेल ते द्या" म्हणू नका. तिघींपैकी एखादी नाही म्हणेल. तो रविवारचा तास रिकामा होईल, तिथे पैसे देणारं घर घ्या.